आधी बाहेरचे काम

वचन : नीतिसूत्रे २४:२७



शलमोनाच्या नीतिसूत्रांतील हे वचन लहान आहे आणि आपल्या उपासनेत ते क्वचितच वाचले जाते. त्याचा मथितार्थ असा की, मनुष्याने प्रथम बाहेरचे काम नीट लावावे, शेतातील तयारी पुरी करावी आणि त्यानंतर घर बांधावे. घर बांधू नको असे शहाणा शलमोन सांगत नाही. तो केवळ क्रम सांगतो : आधी बाहेर, मग आत.

आपण बहुधा ह्या क्रमाच्या उलट चालतो. घर बांधावयाचे ठरले म्हणजे पहिली बोलणी खोल्यांची होतात, दुसरी दर्शनी दरवाज्याची आणि तिसरी रंगाची. अंगण कोणीकडे उतरेल, न्हाणीचे पाणी कोठे जाईल, शौचालयाचा खड्डा कोठे येईल, झाड कोठे लावावे, ह्या गोष्टींविषयी विचारले तर उत्तर मिळते, "ते मग पाहू." हे 'मग' जेव्हा येते तेव्हा हातातील पैसा संपलेला असतो आणि मृगाचा पाऊस दारात उभा असतो.

आपल्या महागाव तालुक्यातील अनेक कुटुंबांना घरकुलाच्या रूपाने पक्के घर मिळाले आहे. प्रधानमंत्री आवास योजना ग्रामीण भागात २०१६ साली सुरू झाली तेव्हा मैदानी मुलखातील घरासाठी १ लाख २० हजार रुपये ठरले होते आणि घर निदान २५ चौरस मीटरचे असावे असा नियम होता. हा पैसा हप्त्याहप्त्याने मिळतो व तो भिंती आणि छत ह्यांतच खर्ची पडतो. अंगणासाठी वेगळा हप्ता नाही. म्हणूनच ज्याच्यापाशी पैसा थोडा आहे त्याने बाहेरचा विचार सर्वांआधी करावयास हवा. विचाराला पैसा लागत नाही. मागाहून केलेल्या दुरुस्तीला मात्र पुष्कळ लागतो. बुरूज बांधण्यापूर्वी जो खर्चाचा हिशेब करीत नाही तो लोकांच्या हास्याचा विषय होतो, असे प्रभूनेही लूक १४:२८-३० येथे सुचविले आहे. ह्याकरिता आज तीन गोष्टींकडे आपले लक्ष वेधितो.

पहिली गोष्ट : आपली जमीन ओळखा

महागाव, उमरखेड, पुसद ह्या बाजूची पुष्कळ जमीन काळी आहे. ही माती कपाशीला सख्खी आई आणि भिंतीला सावत्र आई आहे. पावसाचे पाणी पिऊन ती फुगते. उन्हाळ्यात आकसते आणि तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. जो पाया ह्या मातीवर उथळ बसविला जातो तो दर वर्षी थोडा उचलला जातो व थोडा खचतो. मग भिंतीला तिरपी चीर पडते आणि आपण गवंड्याला बोल लावतो. पुष्कळदा दोष गवंड्याचा नसतो. पायाशी साचलेल्या पाण्याचा असतो.

शहाण्या व मूर्ख घर बांधणाऱ्याचा दृष्टांत आपणां सर्वांस ठाऊक आहे. मत्तयाने तो सांगितला आहे आणि लूकानेही. पण लूक ६:४८ येथे एक अधिक गोष्ट आहे : त्या शहाण्या मनुष्याने खोल खणले. खडक वर पडलेला नव्हता. तो घामाने गाठावा लागला. आपल्याकडे प्रत्येकाच्या जागेत खडक सापडेलच असे नाही, तथापि पुष्कळ ठिकाणी काळ्या थराखाली मुरूम लागतो. तेथपर्यंत खणावे. काळा थर फारच खोल गेला असेल तर जाणत्या अभियंत्याला विचारल्यावाचून पुढे जाऊ नये. पायातून निघालेली काळी माती पुन्हा जोत्यात भरू नये. जोत्यात मुरूमच भरावा, आणि तोही एकदम ओतू नये. सहा-सहा इंचांचा थर टाकावा, पाणी मारावे, धुमसाने चोपावे, मग पुढचा थर.

परंतु निघालेली माती फेकूनही देऊ नये. वरची फूटभर माती निराळ्या ढिगात राखून ठेवावी, कारण झाडाला व भाजीला तीच उपयोगी पडते. पुष्कळ घरी ही जिवंत माती विटांच्या तुकड्यांखाली व सिमेंटाच्या सांडलवणाखाली गाडली जाते, आणि दोन वर्षांनी "आमच्या अंगणात काही उगवतच नाही" अशी तक्रार ऐकू येते.

जमीन ओळखण्याचा दुसरा मार्ग म्हणजे तिला पावसात पाहणे. जागा घेतल्यावर एक पावसाळा हाती असेल तर भर पावसात छत्री घेऊन तेथे उभे राहावे. पाणी कोठून येते, कोठे थांबते, कोठून निघून जाते, हे ध्यानात ठेवावे. पावसाळा हाती नसेल तर गल्लीतील म्हाताऱ्या माणसांना विचारावे. जुना नाला कोठून वाहत होता हे त्यांना माहीत असते. नाला बुजविला तरी तो आपली वाट विसरत नाही.

२२ जुलै २०२३ चा दिवस आपल्या तालुक्याच्या स्मरणात आहे. त्या दिवशी आनंदनगर तांड्यावर पुराच्या पाण्यात माणसे अडकली, आणि त्यांना सोडविण्याकरिता वायुसेनेच्या हेलिकॉप्टरांना पाचारण करावे लागले. ह्या प्रसंगाचा उल्लेख करताना मी कोणाला दोष देत नाही. शिलोहाचा बुरूज ज्यांच्यावर पडला ते इतरांहून अधिक पापी नव्हते, असे प्रभूने स्पष्ट सांगितले आहे. पुष्कळ गरिबांना जागा निवडण्याची मोकळीक नसते. जी मिळाली तिच्यावरच त्यांना झोपडी उभारावी लागते. पण ज्याला निवड करता येते त्याने पूस नदीचा व तिला मिळणाऱ्या नाल्यांचा काठ केवळ सपाट व सोयीचा दिसतो म्हणून निवडू नये. आणि मंडळीतील ज्या भावाला निवड नाही, त्याचे जोते उंच करण्यास आपण सर्वांनी खांदा द्यावा.

जोते भोवतालच्या जमिनीपासून निदान दीड फूट उंच असावे. समोर रस्ता असल्यास रस्त्याची उंचीही मोजावी, कारण गावातील रस्त्यावर दर काही वर्षांनी नवा थर पडतो व रस्ता वर येतो. आज रस्त्याच्या बरोबरीने बांधलेले घर उद्या रस्त्याच्या खाली जाते.

दुसरी गोष्ट : तुमचे पाणी कोठे जाते?

येथे माझ्या बोलण्याचा गाभा आहे. एक साधा हिशेब करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. पंचवीस चौरस मीटरच्या छतावर एका दिवसात पन्नास मिलिमीटर पाऊस झाला तर साडेबाराशे लिटर पाणी झाले. पंधरा लिटरच्या ऐंशीहून अधिक बादल्या. घर नव्हते तेव्हाही एवढाच पाऊस त्या जागेवर पडत होता, पण तो पसरत होता व काही अंशी मुरत होता. आता तो सारा एका नळीतून एकाच ठिकाणी पडतो. ह्या ऐंशी बादल्या आपण कोणाच्या दारात ओतणार आहो?

असे कित्येक गावी घडते. एक भाऊ नवे घर बांधतो, जोते दोन फूट उचलतो व मुरूम टाकून अंगणही उंच करतो. त्याचे अंगण कोरडे राहते. पण त्याच्या खालच्या अंगाला जुने मातीचे घर असते, आणि पहिल्याच मोठ्या पावसात त्या घरच्या चुलीत पाणी शिरते. पहिल्या पावसाळ्यात बोलाचाली होते, दुसऱ्या पावसाळ्यात बांध घातला जातो आणि तिसऱ्या पावसाळ्यात पोलीस पाटलाला बोलवावे लागते. दोघेही एकाच मंदिरात येणारे, एकाच चटईवर बसणारे! मग एक डावीकडे बसू लागतो व दुसरा उजवीकडे. पुढे त्यांच्या लेकरांना आपसांत बोलण्याची मनाई होते. प्रभुभोजनाच्या दिवशी एक जण घरीच राहतो, आणि पाळकाने विचारले तर "अंगात कसर होती" म्हणून सांगतो.

मत्तय ५:२३-२४ येथे प्रभूने काय सांगितले आहे ते आठवा. वेदीजवळ दान आणले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे स्मरले, तर दान तेथेच ठेवावे व आधी भावाशी समेट करावा. नवे घर हेही देवाच्या कृपेचे दान आहे व आपण ते प्रार्थना करून देवाला वाहतो. पण त्या घराच्या पागोळ्यांनी शेजाऱ्याची भिंत भिजत असेल तर गृहप्रवेशाची प्रार्थना अर्धीच राहते.

मोशेच्या नियमशास्त्रात नव्या घराविषयी एक आज्ञा आहे, अनुवाद २२:८. छताला कठडा कर, नाही तर कोणी वरून पडल्यास त्याच्या रक्ताचा दोष तुझ्या घरावर येईल, असा तिचा भाव आहे. ही आज्ञा घरधन्याच्या सोयीकरिता नाही. आपले छत कोठे संपते ते त्याला ठाऊकच असते. ती पाहुण्याकरिता, चाकराकरिता व शेजारच्या लेकराकरिता आहे. घर माझे असले तरी त्याच्यामुळे दुसऱ्याला पोहोचणाऱ्या इजेचा जाब मला द्यावा लागेल, हे तिचे मर्म. कठड्याला लागू असलेला नियम नालीलाही लागू आहे.

तर करावे काय? पायाची दोरी बांधण्यापूर्वी खालच्या शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसावे. "दादा, आम्ही घर काढतो आहो. आमचे पाणी तुमच्याकडे येऊ नये, त्याची वाट आपण दोघे मिळून ठरवू," असे म्हणावे. एवढ्या दोन वाक्यांनी पुष्कळ वर्षांचे वैर टळते. मग पाण्याने भरलेली पारदर्शक नळी, जिने गवंडी पातळी काढतो, ती घेऊन दोघांच्या समक्ष उंची-सखल पाहावी. भिंतीपासून बाहेर पहिल्या दहा फुटांत सहा इंच उतार द्यावा. जागा तेवढी नसेल तर जेवढी आहे तेवढीत भिंतीकडून बाहेर उतार राहील असे करावे. भिंतीच्या कडेने दोन-तीन फूट रुंद पक्की पट्टी करावी, म्हणजे पागोळ्यांचे पाणी पायात मुरणार नाही. नाली आपल्या हद्दीतून न्यावी व ग्रामपंचायतीच्या नालीस मिळवावी. दोघांना एकच नाली पुरत असेल तर खर्च वाटून घ्यावा. छताचे पाणी हौदात किंवा टाकीत घेता आले तर त्याहून उत्तम. तेवढ्याने घरच्या बाईच्या पाण्याच्या काही खेपा वाचतील.

सांडपाण्याचे काय, हा पुढचा प्रश्न. पावसाचे पाणी चार महिन्यांचे असते. न्हाणीचे व भांड्यांचे पाणी बारा महिने वाहते. पैनगंगेच्या पलीकडे नांदेड जिल्ह्यातील हिमायतनगर तालुक्यात टेंभुर्णी नावाचे गाव आहे. तेथील लोकांनी घरोघरी शोषखड्डे केले. उघड्यावर वाहणारे सांडपाणी नाहीसे झाले, त्याबरोबर डासही कमी झाले, आणि त्या गावाचे पाहून पुढे जिल्ह्यातील इतर गावांनी तोच कित्ता गिरविला. खड्डा सुमारे चार फूट लांब, चार फूट रुंद व चार फूट खोल. मध्ये भोके पाडलेली सिमेंटाची टाकी, तिच्या भोवती दगड व वर बारीक गिट्टी. हे काम बाप-लेक दोन दिवसांत करू शकतात. मात्र निव्वळ काळ्या मातीत हा खड्डा तुंबतो, कारण ती माती ओली झाली की पाणी पुढे जाऊ देत नाही; म्हणून तो मुरूम लागेपर्यंत न्यावा, आणि घराच्या पायापासून दूर ठेवावा.

शौचालयाची जागाही पायाची आखणी करतानाच नेमावी. पिण्याच्या पाण्याची विहीर किंवा बोअर ह्यांपासून त्याचे खड्डे निदान तीस-पस्तीस फूट दूर असावेत. शेजाऱ्याची विहीरही येथे आपल्याच विहिरीसारखी मोजावी. दोन खड्डे असले म्हणजे एक भरल्यावर दुसरा वापरता येतो, व पहिल्यातील मैल्याचे काळांतराने खत होते. मैला झाकावा व वस्तीची जागा स्वच्छ ठेवावी, हा नियम इस्राएल लोकांच्या छावणीतही होता, हे अनुवादाच्या तेविसाव्या अध्यायात पाहावे. जो देव आपल्या लोकांमध्ये चालतो त्याला छावणीची मागची बाजूही दिसते.

आणखी एक गोष्ट. जोत्यात भरण्यासाठी घराच्या कडेलाच मुरूम खणण्याचा मोह होतो, कारण गाडीभाडे वाचते. मग तो खड्डा तसाच राहतो, पावसाने भरतो, त्यात डास होतात; आणि लहान लेकराला तर ती विहीरच. निर्गम २१:३३-३४ येथे लिहिले आहे की, कोणी खड्डा खणून उघडा ठेवला व त्यात दुसऱ्याचे जनावर पडले तर खणणाऱ्याने भरपाई द्यावी. बैलाकरिता जर हा नियम, तर लेकराकरिता किती अधिक!

तिसरी गोष्ट : जे अजून आले नाहीत त्यांच्यासाठी झाड लावा

उत्पत्तीच्या दुसऱ्या अध्यायात पाहा. मनुष्याला राहावयास ठेवण्यापूर्वी देवाने बाग लावली. मग मनुष्याला तीत ठेवून तिची मशागत व राखण करण्यास सांगितले. स्वतः परमेश्वराने 'आधी बाहेरचे काम' हा क्रम पाळला. पुढे बाबेलात धरून नेलेल्या आपल्या लोकांना यिर्मयाने पत्र लिहिले तेव्हा घरे बांधण्याची आणि बागा लावण्याची गोष्ट त्याने एकाच दमात सांगितली. परक्या मुलखातही झाड लावावे, कारण झाड लावणारा मनुष्य उद्यावर विश्वास ठेवतो.

तथापि झाडालाही जागा पाहून लावावे लागते. वड, पिंपळ, चिंच ह्यांसारखी मोठी झाडे भिंतीजवळ नकोत. काळ्या मातीत त्यांची मुळे उन्हाळ्यात पायाखालची ओल शोषून घेतात, माती आकसते व भिंत खचते. कडूलिंब अंगणाच्या टोकाला, पश्चिमेच्या बाजूस लावावा. म्हणजे तिसऱ्या प्रहरचे ऊन तो अडवील. परसात, म्हणजे आपल्या सांदवाडीत, शेवगा व सीताफळ घ्यावे. न्हाणीच्या पाण्यावर केळ, पपई व अळू पोसतात. हे सर्व ठरविताना घरच्या माय-बहिणींना अवश्य विचारावे. तूर व मिरची वाळविण्यास ऊन कोठे हवे, भांडी घासण्यास आडोसा कोठे हवा, गोठ्याचा वास कोणत्या वाऱ्याने घरात येतो, हे पुरुषाला कधी सुचत नाही आणि बाईला ते विचारल्यावाचून सांगता येत नाही. दोघांनी मिळून जमिनीवर चुन्याने रेघा ओढाव्यात व चार दिवस त्या रेघांतून वावरून पाहावे. चुन्याची रेघ पुसता येते. भिंत पुसता येत नाही.

ह्या संबंधात पंडिता रमाबाईंचे उदाहरण आपणांस ठाऊक असावे. त्यांनी १८८९ साली मुंबईत शारदा सदन काढले व पुढे ते पुण्यास नेले. त्या कामास परदेशातून मिळणाऱ्या मदतीची मुदत कधी तरी संपणार हे जाणून त्यांनी पुण्यापासून काही अंतरावर केडगाव येथे जमीन घेतली व तीत फळझाडे लावली. उत्पन्न व्हावे एवढाच तेव्हा हेतू होता. पण १८९६-९७ चा दुष्काळ पडला. रमाबाई मध्य प्रांतात गेल्या व उपाशी, निराधार मुलींना घेऊन आल्या. त्यांना ठेवावयाचे कोठे, असा प्रश्न उभा राहिला तेव्हा केडगावची ती जमीन तयार होती. आधी तात्पुरते निवारे उभे राहिले, मग मुक्ती सदनाच्या इमारती. झाडे लावली तेव्हा त्यांच्या सावलीत कोण बसणार हे लावणाऱ्या हातांना ठाऊक नव्हते. देवाला ठाऊक होते. शलमोनाच्या वचनाला ह्याहून चांगले भाष्य मला माहीत नाही.

बंधुभगिनींनो, घराची आतली बाजू आपण स्वतःकरिता करतो व दर्शनी बाजू लोकांनी पाहावी म्हणून करतो. पण आपल्या घरातून बाहेर काय वाहते, त्यावर शेजारी आपली साक्ष तोलतो. आपण रविवारी कोणते गीत गाइले हे त्याला पुष्कळदा ऐकू जात नाही. आपल्या मोरीचे पाणी मात्र त्याच्या दाराशी रोज जाते. भिंतीवर वचनाची तसबीर लावणे चांगले. भिंतीबाहेर योग्य उतार देणे हेही त्याच वचनाचे पालन आहे.

ज्यांनी पुढील उन्हाळ्यात घर काढण्याचे योजिले आहे त्यांनी विटांचा भाव विचारण्यापूर्वी आपल्या जागेवर एकदा कुटुंबासह उभे राहावे. प्रार्थना करावी, पाण्याची वाट पाहावी आणि मग खालच्या शेजाऱ्याकडे जावे. ज्यांचे घर बांधून झाले आहे त्यांनीही निराश होऊ नये. नाली, शोषखड्डा व झाड ह्यांना उशीर झाला असे कधी होत नाही. आणि मंडळीच्या वडीलजनांनी एक करावे : ज्या विधवा बहिणीच्या घरी खणण्यास हात नाहीत तिच्या अंगणाचा उतार व तिचा खड्डा तरुणांकडून पावसाआधी करून घ्यावा.

ज्याने मनुष्यासाठी आधी बाग लावली तो प्रभु आपल्या घरांना, अंगणांना व शेजाराला आशीर्वाद देवो. आमेन.